खडकावरच्या पायऱ्या

फूल डावीकडे पडलं होतं. घरी येऊन मी आईला सांगितलं, उजवं पडलं. देवाच्या नावावर खोटं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. इब्रामपूरच्या घरी बाबा महिनाभर अंथरुणाला खिळले होते. मधुमेहाने दृष्टी त्याआधीच गेली होती. त्यातच मला एका पुस्तकासाठी छोट्या विमानातून बेटांवरच्या दीपगृहांचे फोटो काढायचं काम आलं. त्यातलं एक वेंगुर्ल्यासमोरच्या खडकावरचं, जिथे बाबांनी अर्धी नोकरी काढली. जाऊ का, म्हणून गुरवाकडून कौल लावला, तर देव नको म्हणाला. पण दिवा आपोआप पेटायला लागून खडकावरची माणसं काढून घेतल्यापासून बाबांना एकच घोर होता. दिवसातून चारदा विचारायचे, "मनोरो उबो आसा मरे?" आम्ही हो म्हणायचो, आणि आम्हाला काही ठाऊक नाही हे ते बरोबर ओळखायचे.

मोपाहून विमान उडालं तेव्हा मी घड्याळ पाहिलं. मी परतायच्या आत बाबा गेले तर? आभाळ राखेच्या रंगाचं, समुद्रही तसाच. वैमानिक बेळगावकडच्या बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. खडकाभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, मी सपाटून फोटो काढले आणि काम झाल्याची खूण केली. त्यांनी विमान परतवलं नाही. पुन्हा कलतं करून म्हणाल्या, "आता कॅमेरा खाली ठेवा. एकदा नुसतं बघून घ्या."

बाबांबद्दल मी त्यांना अवाक्षरही सांगितलं नव्हतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मी फोटो घेऊन निघालो होतो, हे मला त्या क्षणी कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी बघितलं. होडी लागायचा धक्का, तिथून चढणाऱ्या पायऱ्या, त्यांचं वळण, रिकाम्या खोल्या, चुन्यावर गंजाचे ओघळ, वरचा कठडा शाबूत.

घरी पोचलो तेव्हा बाबांना ऊर्ध्व लागला होता. दारातच मी आईपाशी सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "फूल डाव्यान पडलां तां माका गुरवान सांगलेलां. पण तुका आडवलां आसतां तर ह्यांचो जीव थंयच आडकान रवलो आसतो."

देवाने नको म्हटलं ते खरंच असेल. त्याचं न ऐकता गेलो, तरी त्याने मला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. का, ते मी आता विचारत नाही. त्या बाईंचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. रोज दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडतो.

त्या दिवशी आत जाऊन अंथरुणाशी बसलो आणि बाबांचा हात धरून मी त्यांना धक्क्यावरून वर न्यायला लागलो, एकेक पायरी सांगत. वळणाशी त्यांचे ओठ हलले. "सांबाळ," ते म्हणाले, "थंय निसरडां आसा." आम्ही जपून वळलो. खोल्या ओलांडल्या आणि त्यांची बोटं सैल पडली. कठड्यापर्यंतच्या उरलेल्या पायऱ्या मी त्यांना तशाच मोठ्याने सांगत चढलो.