खंडेनवमीची विश्रांती

माझी बायको मंगळावर राहायची तालीम करत होती. बेंगळुरात पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये आमच्या कंपनीने पत्र्याची हवाबंद खोली उभी केली होती. आत ती एकटी आणि तिची हवा शुद्ध करणारं यंत्र बाहेर. त्या यंत्रावर लक्ष ठेवणं ही माझी नोकरी. पगार मिळाला नसता तरी भीतीपोटी मी तेच केलं असतं.

मंगळ लांब, म्हणून तिचे निरोप मुद्दाम वीस मिनिटं अडवून मग माझ्या स्क्रीनवर सोडत. तिथला दिवसही आपल्यापेक्षा जरासा मोठा, त्यामुळे तिची रात्र सरकत सरकत आमच्या दुपारी येऊन बसली होती. असा आमचा संसार.

खंडेनवमीला मी मारतहळ्ळीहून ट्रॅफिकला शिव्या घालत पोचलो, तेव्हा पूजा आटपली होती. कोहळा फुटला होता, चुरमुरे वाटून झाले होते. शेड इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. प्रसाद तोंडात टाकतोय तोच तिचा निरोप आला.

"जाग आली. डोकं फुटतंय. यंत्राचा आवाज येत नाही. बघतोस का?"

हे तिनं वीस मिनिटांपूर्वी लिहिलं होतं.

यंत्राला झेंडूचा हार घातला होता आणि बटण बंद होतं. धोक्याची घंटाही त्याच बटणावर.

"हे कुणी बंद केलं?" मी ओरडलो.

"मीच की," शेडचे मालक म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेले मराठी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. "वर्षातनं एक दिवस त्यालाबी स्वल्प विश्रांती नको का?"

मी दार ओढून उघडलं. ती भिंतीला टेकून बसली होती, घामानं डबडबलेली. माझ्याकडे बघत होती, पण मला ओळखायला तिला वेळ लागला. तो वेळ मी जन्मात विसरणार नाही. मागे अण्णा रडत होते. इतक्या भक्तिभावानं जीव घ्यायला निघालेल्या माणसाला बोलणार तरी काय?

संध्याकाळी चहा पिताना मी म्हणालो, "बास झालं. नाव मागे घे."

"इथं तू दार उघडलंस म्हणून वाचले," ती म्हणाली. "तिथं दार उघडलं की मरायचं. बटण आत हवं, एवढंच."

बटण आत बसवलं. सोमवारी ती पुन्हा गेली. दार बाहेरून मीच लावलं आणि निरोप धाडला, "बरी आहेस ना?" उत्तर येईपर्यंत मी त्या यंत्रावर हात ठेवून उभा होतो.