टकटक्याचे कान

"छत पोकळ वाजलं होतं, बाबा."

"नव्हतं वाजलं."

"माझ्या खांद्यावर खडी पडली."

"खाणीत खडी नाही तर काय फुलं पडणार?"

बाबा हेल्मेटचा पट्टा आवळत होते. अंगणात पाहुणे जमले होते, दरीतल्या बंद खाणी बघायला आलेले, एकमेकांचे फोटो काढत हसणारे.

खाणी चालू होत्या तेव्हा बाबांचं काम एकच: सगळ्यांच्या पुढे जायचं आणि पहारीनं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर माणसं आत, भद्द वाजलं तर मागे. सवय अशी जडली की बाजारात कलिंगडसुद्धा ते कान लावून, छताच्याच गांभीर्यानं ठोकायचे. दरीभर नाव पडलं, टकटक्या. आता त्याच पहारीच्या भरवशावर ते पाहुण्यांना आत नेतात. स्वतःच्या हेल्मेटला दिवा लावत नाहीत, म्हणतात, मला कान पुरेत. दिवा घेऊन त्यांच्या पाठोपाठ मी. ती जागा त्यांनीच ठरवून दिलेली.

गेल्या खेपेला आत माझा दिवा विझला. पाहुण्यांचा उजेड माझ्या पाठीवर, पुढे काळोख. पहार वाजली, भद्द. माझे पाय थिजले. बाबा मात्र "चला" म्हणाले आणि सगळे त्या दगडाखालून गेले. मीही गेले, श्वास कोंडून. तेव्हापासून डोळे मिटले की तोच आवाज येतो.

मी पहार उचलली. स्वयंपाकघराच्या भिंतीचा गिलावा एका जागी सुटलाय, तिथे हाणली. कसं वाजलं ते सांगा, म्हटलं.

बाबांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते, माझ्या भुवयांकडे, ओठांकडे. मी चेहरा दगडासारखा ठेवला. ते बघतच राहिले.

समोर उभं राहून बोललेलं त्यांना कळतं, पण छताचा आवाज त्यांना कधीचाच ऐकू येत नव्हता. पहार मारायची, मागे वळायचं, आणि पोरगी दचकली का ते बघायचं. त्या दिवशी दगडावरून परतून माझ्या तोंडावर पडणारा दिव्याचा उजेड नव्हता, चेहरा दिसला नाही, म्हणून "चला".

"मी आज येत नाही, बाबा. आता कुणाच्या तोंडाकडे बघून माणसं आत न्याल?"

त्यांनी माझ्या हातातून पहार काढून घेतली. खुंटीवरचं माझं हेल्मेट टेबलावर आणून ठेवलं, त्याच्या दिव्याचं बटण दाबून तो लागतोय ना पाहिलं, आणि अंगणात निघून गेले.