आधी दुसऱ्याची बाजू

कमरीपेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानात दर रविवारी समाजवाद्यांचा अभ्यासवर्ग भरे. वाद ठरलेला: समाज टप्प्याटप्प्यानं सुधारत न्यायचा, की क्रांती करून एकदाच पालटायचा? नियमही ठरलेला. आधी समोरच्याची बाजू मांडायची. त्यानं मान हलवली, की मग आपली. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, क्रांतीवाला. त्याच्यासमोर शाळेतले एक मास्तर, सुधारणावाले. मास्तरांची मान हलेपर्यंत अण्णाला कधी कधी तेच दोन-तीनदा मांडावं लागे.

अण्णा तारिहाळच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथं संप झाला, काही कामगारांना काढलं, संप लांबत गेला. शेवटी मालकानं कळवलं: बाकी सगळ्यांना परत घेतो, अण्णाला नाही.

गेटसभेला मी हजर होतो. समझोत्याच्या बाजूनं बोलायला कोणी उठेना. अण्णाच्या तोंडावर कोण बोलणार? तेव्हा अण्णाच उठला आणि मास्तरांची बाजू मांडू लागला. घरात चूल पेटत नाही. आत गेलेला कामगार संघटना टिकवतो, बाहेर उपाशी बसलेला ती सोडून जातो. मिळतंय ते घ्या, उरलेल्यासाठी आतून लढा.

"अण्णा, कंपनीचं वकीलपत्र कधी घेतलंस?" कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

"साकु अण्णा, बस कर आता," पुढं बसलेला एक म्हातारा कामगार कानडी-मराठी मिसळत हळूच म्हणाला.

अण्णा थांबला नाही. एकही मुद्दा त्यानं पातळ केला नाही. मग आपली बाजू मांडली: सवलत देऊन मालक स्वतःचं आयुष्य वाढवतो, सगळे आत, नाहीतर सगळे बाहेर. हात वर झाले. समझोता मंजूर झाला. अण्णाचा हात खालीच होता.

पुढं नोकरीपायी मी विधानसभेतली भाषणं वर्षानुवर्षं ऐकली. त्या तोडीचं एकही आठवत नाही.

संध्याकाळी मास्तर घरी आले. "अहो अण्णा, जरा कच्चं मांडायचं होतं की. मान हलवायला मी कुठं होतो तिथं?"

"नव्हता, म्हणूनच तर पक्कं मांडलं," अण्णा म्हणाला. "पण मास्तर, चुकीची बाजू तुमचीच आहे. रविवारी सांगतो."

रविवारी पहिली पाळी मास्तरांची होती. ते अण्णाची बाजू मांडू लागले. ‘सगळे आत, नाहीतर सगळे बाहेर’ इथवर आले आणि त्यांना पुढं बोलवेना. अण्णा मान न हलवता वाट पाहत बसला.