मडगार्डवरचं पाणी

गाडी कुरकुरली की बाबांकडे एकच औषध होतं, स्लोचा स्क्रू. गाडी जागेवर उभी असताना इंजिन किती हळू चालत राहील, हे कार्बोरेटरवरच्या त्या स्क्रूवर ठरतं. त्या वर्षी आमची जुनी पांढरी गाडी उभ्या उभ्या बंद पडते, अशी त्यांची तक्रार सुरू झाली आणि पेचकस त्यांच्या खिशातच मुक्कामाला आला.

"मरून राह्यली ही," असं म्हणायचे आणि स्क्रू थोडा पिळायचे.

बघता बघता गाडी अंगणात उभी असतानाही चढावर असल्यासारखी ओरडू लागली. अंगणभर पेट्रोलचा वास. क्लच सोडला की बैल उधळावा तशी पुढे उडी घ्यायची. मेकॅनिक म्हणाला, "बाबूजी, गाड़ी तो भाग रही है, बंद कहाँ हो रही है?" त्याने स्क्रू सैल करून दिला की दुसऱ्या दिवशी बाबांनी पिळलाच. स्वभावाला औषध नाही म्हणतात, तसं मी समजून चालले होते.

मग रेल्वे फाटकावर तो प्रकार झाला. फाटक उघडलं, आमच्यापुढे भरवेलीच्या खाणीवर निघालेले सायकलवाले होते. इंजिन चालू होतं, तरी बाबांनी पुन्हा स्टार्टर मारला. कर्रर्र असा आवाज झाला की माझे दात शिवशिवले. पाठोपाठ गाडीने उडी घेतली आणि पुढच्या सायकलच्या चाकाला लागली. सायकलवाल्याला काही झालं नाही. घरी आल्यावर मी तोंड सोडलं, "विकून टाका ती गाडी! कोणाचा तरी जीव घ्याल."

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. रिटायर झाल्यापासून त्यांच्या हक्काची एकच खुर्ची उरली होती, ती स्टीअरिंगमागची. फाटकावर मागच्या सीटवर बसलेली आई मात्र काहीच बोलली नव्हती. तशी ती बोलायचीच इतकं हळू, की शेजारणी तिला दोनदा विचारायच्या.

दसरा आला. आमच्याकडे गाडीची पूजा इंजिन चालू ठेवून व्हायची, हा बाबांचाच नेम. झोपलेल्याला नमस्कार करू नये, मग बंद इंजिनाला कसा करायचा? बॉनेट उघडून आईने कुंकू लावलं, झेंडू वाहिले आणि पाण्याने भरलेली वाटी रुंद मडगार्डवर ठेवली. इंजिनाच्या थरथरीने पाण्यावर नुसता काटा उभा राहिला होता.

आई बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "बंद पडली का हो?" तिने विचारलं. नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्याने.

"पडलीच समज," म्हणत बाबांचा हात खिशातल्या पेचकसाकडे गेला.

आईने तो हात धरला आणि वाटीकडे नेला. "आवाज राहू द्या. पाण्याकडे पाहा. आता सैल करा."

बाबांनी स्क्रू हळूहळू सोडला. पाण्यावरचा काटा मोडला. बारीक वर्तुळं उमटू लागली, एकामागून एक, सावकाश. आणखी सोडल्यावर पाणी गचके खाऊ लागलं, तेव्हा आई म्हणाली, "थोडं मागं घ्या." वर्तुळं परत आली. कधी स्टीअरिंगला हात न लावलेली माझी आई इंजिनाची नाडी पाण्यात बघत होती, आणि मी तोंडात बोट घालून उभी होते. फाटकावरचा तो कर्रर्र मीही ऐकला होता. चालू इंजिनाला कोण स्टार्टर मारतं, हा प्रश्न तिलाच पडला होता.

"चालू आहे ही?" बाबांनी विचारलं.

"हौ. चालूच होती. रोजच."

 बाबांनी आत वाकून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि वाटीकडे पाहिलं. पाणी स्थिरावलं. बंद गाडी पडत नव्हती, आपले कान पडत होते, हे त्यांना कळलं होतं; ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. आता गाडीवरूनच काही बोलतील, असं मला वाटलं.

ते आईकडे वळले.

"मले वाटलं," ते म्हणाले, "तू आजकाल माह्यासंग बोलतच नाहीस."