दहाव्याचं भाषण

आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीकाठच्या घाटावर मांडव पडतो. प्रवचन आटोपलं की माइक श्रद्धांजलीच्या भाषणांना मोकळा होतो. पुढारी एका सकाळी दोन-तीन दहावे उरकतात आणि गाडीतून उतरताना मयताचं नाव हळूच विचारून घेतात.

माझे वडील पुढारी नव्हते, शाळेत गुरुजी होते. पण निरगुडसरपासून खोडदपर्यंत कुणाचाही दहावा असो, त्यांना बोलावणं असायचंच. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आयुष्यात अप्स अँड डाउन्स हे असायचेच." ते म्हणताना उजवा हात वर जायचा आणि सावकाश खाली यायचा. चढउतार हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? पण इंग्रजीत सांगितलं की लोक जास्त माना डोलावतात, हे त्यांनी हेरलं होतं. नातवंडं-पतवंडं बघून गेलेला म्हातारा असो की विहिरीत सापडलेली तरणी सून, वाक्य तेच.

मग उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून माझा थोरला भाऊ गेला. दहाव्याच्या आदल्या दिवशी आई वडिलांना म्हणाली, उद्या तुम्ही बोलू नका, नुसते बसा माझ्यासारखे. ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी माइकवरून नाव पुकारलं आणि ते उठले. हात वर गेला, खाली आला. पोटच्या पोराबद्दल बोलताना त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. लोक म्हणाले, गुरुजींचं काळीज वाघाचं. आईनं तोंडात कोंबलेला पदर घरी येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर आई त्यांना जेवायला वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, औषधाच्या गोळ्या हातावर ठेवायची. बोलायची मात्र कामापुरतं. वडिलांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. याचा राग मला भाषणापेक्षाही जास्त आहे.

गेल्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. मी सासरहून येऊन तिच्यापाशी राहिले. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती म्हणाली, "माज्या दहाव्याला ह्यांच्या हातात माइक देऊ नको. माज्या लेकराला लावलं तेच वाक्य मला लावतील. मला न्हाई पायजे."

मी शब्द दिला. महिनाभरात ती गेली.

दहाव्याला नावं पुकारणाऱ्याला मी आधीच बजावून ठेवलं होतं. त्यानं ते पाळलंही. पण उशिरा आलेल्या एका पुढाऱ्यानं आपलं भाषण संपवलं आणि आता गुरुजींनीही दोन शब्द बोलावेत म्हणत माइक थेट त्यांच्यापुढे धरला. वडिलांनी टोपी सारखी केली, माइक हातात घेतला आणि ते उठले.

मी बायकांमधून उठले. मावशीनं माझा हात ओढला, तो मी सोडवला. पुरुषांच्या बाजूला जाऊन वडिलांच्या हातातला माइक काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, चारचौघांत बापाचा अपमान केला. केलाच. आजही करीन.

मला वाटलं, ते चिडतील. ते तसेच उभे राहिले. उजवा हात अर्धा उचललेला होता. माझ्याकडे बघून, मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू त्यांनी विचारलं, "मग मी काय बोलू?"

एवढ्या गावांचे दहावे केले या माणसानं, आणि स्वतःच्या बायकोसाठी त्याच्यापाशी एक शब्द नव्हता. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

"काहीच नको," मी म्हणाले. "बसा."

ते बसेनात, तेव्हा मी दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि शेजारी उभी राहिले, पुन्हा उठले तर असावं म्हणून. भावाच्या वेळी आईनं त्यांच्याकडे एवढंच मागितलं होतं, नुसतं बसणं.

ते तिला मिळालं, पण तिच्या दहाव्याला, आणि तेही मी धरून बसवलं म्हणून.