थांबा डॉक्टर

पेशंटनं "बरा झालो" म्हटलं की नाराज होणारा डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिला. "थांबा, इतक्यात बरं वाटून घेऊ नका," असं आमचे सर तोंडावर सांगायचे. वॉर्डातल्या मावश्या त्यांना 'थांबा डॉक्टर' म्हणत.

सत्तरच्या दशकात चिंचवडच्या एका रुग्णालयात मी त्यांची सहायक होते. सर मज्जातंतूंचे डॉक्टर, आणि ध्यास एकाच आजाराचा, मल्टिपल स्क्लेरोसिसचा. यात मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी खराब होतं. आज डोळा अंधुक होतो, महिन्याभरात सुधारतो. मग वर्षा-दोन वर्षांनी पाय लुळा पडतो. हा थंड देशांतला आजार, आपल्याकडे जवळजवळ नाहीच, असं आमची पुस्तकं सांगत. सर म्हणत, "नाही कसा? विचारतंय कोण?" आणि विचारायला मला पाठवत. बऱ्या झालेल्या माणसांच्या घरी, भर उन्हात, आकुर्डीपासून भोसरीपर्यंत! दार उघडणारी बाई म्हणायची, "आता काय बी दुखत न्हाई त्यांचं. कशापायी आलाय?" काय सांगणार, कपाळ?

एकदा महादू नावाचा ओतकामगार आला. भट्टीपुढे उभा राहिला की त्याला दिसेनासं व्हायचं. "भाईर वाऱ्याला आलो की समदं साफ दिसतंय बघा," तो म्हणाला. पूर्वी एकदा त्याचे पाय लुळे पडून आपोआप सुधारले होते. त्याच्याबरोबर आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांचं मत ठरलेलं होतं. "नाटक आहे, डॉक्टर. कामावर आंधळा आणि चहाच्या सुट्टीत पेपर वाचतो. तुम्ही तसं लिहून द्या, म्हणजे काढून टाकायला मोकळे."

सर माझ्याकडे वळले. "सुनंदा, टबभर गरम पाणी आण."

रुग्णालयाचा बंब नेमका बिघडलेला. मी आणि दोन मावश्यांनी कँटीनमधून बादल्या वाहिल्या. माझी साडी भिजली, हात भाजला आणि सर वर म्हणतात, "थोडं कोमट झालंय गं." महादूला टबात बसवलं. समोर पेपर धरला. आधी तो घडाघडा वाचत होता. अंग तापत गेलं तसा अडखळायला लागला. शेवटी म्हणाला, "अक्षरंच गेली, सायेब," आणि रडायला लागला. बाहेर काढून पंख्याखाली बसवल्यावर त्यानं तीच बातमी पुन्हा वाचून दाखवली. सर अधिकाऱ्यांना म्हणाले, "उष्णतेनं त्याच्या नसा निरोप पोचवत नाहीत. आता मी काय लिहून देऊ?" महादूला स्टोअरमध्ये काम मिळालं. माझ्या हाताला मलम मीच लावलं.

एवढं करून संशोधन छापायचं नाव नाही! पुण्याच्या एका बड्या डॉक्टरांनी समजावलं, "सगळ्या पेशंटांच्या आजाराला एकच नाव द्या, निबंध लगेच छापून येईल." सर ऐकतील तर ना. आपल्याकडच्या काही पेशंटांच्या फक्त डोळ्यांच्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसा बिघडतात, त्यांचा आजार वेगळा असावा, हे त्यांचं पालुपद. "खात्री नसताना नाव कसं देऊ?" मी चिडून म्हणाले, "सर, तोवर दुसरं कोणी छापेल." ते म्हणाले, "छापू दे की. बरोबर छापलं म्हणजे झालं." अशा माणसापुढे डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर एकही निबंध नव्हता.

ऐंशी सालानंतर सर आणि काकू लेकीकडे राहायला निघाले. मी नाशिक फाट्यावर एसटीला सोडायला गेले. काकू आत बसल्या, सामान चढलं, आणि सर मात्र खालीच. थांब्यावरच्या कुण्या बाईच्या चालीकडे टक लावून!

"तिचा डावा पाय बघ. जमिनीला घासतोय."

"सर, गाडी सुटतेय!"

"अहो, चढा आता," काकू खिडकीतून ओरडल्या. "इथं तरी पुरे करा!"

कंडक्टरनं घंटी दिली. मी त्यांना अक्षरशः ढकलून आत चढवलं. दारात उभं राहून ते काहीतरी सांगत होते, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. धुरळा खाली बसला. सर पुन्हा भेटले नाहीत. वर्षभरातच लेकीची तार आली.

त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात त्यांना बोल लावत वळले. घरी पाहुणे यायचे होते, स्वयंपाक राहिला होता. ती बाई पिशवी सावरत निघाली होती. मी झपाझप चालत तिला गाठलं.

"ताई, जरा विचारू का? मागं कधी डोळ्यानं दिसायचं कमी झालं होतं?"

तिनं पिशवी खाली ठेवली. "तुमाला कुनी सांगितलं?"