दोन गिरण्यांचे महिपतराव

महिपतरावांची सायकल स्टँडवर उभी असलेली मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. ती नेहमी गिरणीच्या फळीला टेकलेली, हँडल रस्त्याकडे. मालकाला केव्हाही निघायचं असे. दळता दळता ते दोनदा दारात येऊन गल्ली पाहून जात. "बसा की जरा," म्हटलं तर म्हणत, "बसलं की पीठ जाड पडतंय, बाई."

मूळचे कऱ्हाटीचे. तरुणपणी बारामतीच्या जुन्या पेठेत आले आणि पिठाची गिरणी चालवू लागले. कुणाच्या डब्यावर नाव नसायचं. पोचा, झाकणाची कडी, आतला गहू यांवरून ते घर ओळखत. सकाळी गहू, मग ज्वारी, शेवटी बाजरी. हा क्रम त्यांनी जावयासाठीही मोडला नाही. उपवासाचं दळण असलं की गिरणी उघडून ब्रशनं झाडायची, स्वतःचा मूठभर राजगिरा आधी दळायचा, ते पीठ गाईला द्यायचं आणि मगच लोकांचे डबे घ्यायचे.

मग पेठेतली घरं एकेक करून निघाली. इंदापूर रस्त्याला उसाच्या रानात प्लॉट पडले, तिथे बंगले झाले. मीही गेले. रिकाम्या झालेल्या पेठेचं रूप पालटायचं ठरलं: फरशा बसल्या, दिवे लागले, झाडांच्या कुंड्या आल्या, गिरणीच्या अगदी समोर एक लोखंडी बाक आला. गल्लीच्या तोंडाशी खांब रोवले, गाडी आत येईना. वीस किलोचा डबा तिथून हातात कोण आणणार?

"गल्ली नवरीवानी सजवली आन् वऱ्हाडच घालवलं," महिपतराव म्हणाले.

त्यांची सून सोनल हुशार. नव्या वसाहतीत त्यांचंही घर झालं होतं. तिनं खालच्या गाळ्यात दुसरी गिरणी बसवली. तिचं म्हणणं साधं होतं: "मामा, गिऱ्हाईक हिकडं आलंय. तिकडची बंद करा." महिपतरावांना ते पटे आणि पटतही नसे. त्यामुळे ते दोन्ही ठिकाणी असत. सकाळी पेठ, दुपारी वसाहत, मध्ये चार किलोमीटर सायकल. पेठेत असताना वसाहतीत कोण आलं असेल म्हणून जीव खालीवर, वसाहतीत असताना पेठेतलं कुलूप लावलं का म्हणून. बोलताना ते समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहू लागले होते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते झालं. उपवासाचे पाच डबे वसाहतीत आले होते, एक माझा. महिपतराव आले ते घाईतच. राजगिरा, भगर, एकामागून एक दळून दिले. आम्ही डबे घेऊन घरी गेलो. चार वाजता गिरणी झाडायला ब्रश घ्यावा म्हणून त्यांनी हात खिळ्याकडे नेला, तर ब्रश तिथे नव्हता. तो पेठेत होता. सकाळी त्यांनी गिरणी उघडली होती, झाडली होती, मूठभर राजगिरा दळून गाईला घातला होता, पण पेठेतल्या गिरणीत. इथल्या गिरणीत दुपारपर्यंत गहू चालले होते.

"जाऊ द्या, मामा," सोनल हळूच म्हणाली. "चिमूटभर गहू. कुणाला कळणार हाय?"

ते सायकलवर बसले.

पहिलं घर माझ्या शेजारणीचं, राजेश्वरीचं. मी तिच्याकडेच बसले होते. ती नऊ दिवस एका वेळेवर राहते, आणि बोलायला तिखट. महिपतराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"ताई, पीठ माघारी द्या. गव्हाच्या दगडावर दळलंय. चूक माझी हाय."

राजेश्वरीनं डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कुठं कळलं असतं?"

"मला कळलं हुतं न्हवं."

"आता उद्या मी काय खाऊ? तुमची सायकल?"

"राजगिरा मी देतो. सांजच्याला पेठंतल्या गिरणीत दळून आणतो."

"नको. मी येते. माझ्या डोळ्यांसमोर दळा. तुमचं मन एका जागी असेल, तर पीठही एका जागचं होईल."

बोललेलं त्यांना लागलं. पण उरलेली चारही घरं त्यांनी केली. माझा डबा परत देताना मी काही बोलणार, तर म्हणाले, "बाई, तुमीबी या. साक्षीला."

संध्याकाळी आम्ही पाच जणी पेठेत गेलो. गाड्या खांबांपाशी लावल्या आणि चालत आत आलो. दिवे लागले होते, माणसं फिरायला आली होती. सहा महिन्यांत आमच्यापैकी एकीनेही इथं पाऊल टाकलं नव्हतं. महिपतरावांनी आमच्यासमोर गिरणी पुन्हा उघडली, ब्रश फिरवला, मूठभर राजगिरा दळून बाजूला काढला. आम्ही त्या लोखंडी बाकावर बसलो. जाणारे-येणारे थांबू लागले. एका बाईनं विचारलं, "उपवासाचं वेगळं दळता का हो? आम्ही पाकीट आणतो, कडू निघतं."

"हितं दुसरं काय दळतच न्हाय," महिपतराव म्हणून गेले, आणि स्वतःच दचकले.

सोनल आमचे डबे गाडीपर्यंत उचलायला आली होती. तिनं ते ऐकलं. "मग गहू-ज्वारी माझ्याकडं. तुमी तितं हात लावायचा न्हाय, मामा. कबूल?"

त्यांनी गिरणीच्या पट्ट्यावरचं पीठ झटकलं. "दगड गुळगुळीत झाला की टाकी कधी लावायची, ते तरी इचारशील का?"

"इचारीन."

"व्हय, मग कबूल."

आता पेठेत फक्त उपवासाचं आणि उपवासाच्या भाजणीचं दळण असतं. हाताएवढे डबे, चालत आणता येतात. गिऱ्हाईक पूर्वीइतकं नाही, पण आहे. परवा मी बाकावर बसले होते. सायकल चक्क स्टँडवर होती. मी काही म्हणण्याआधीच त्यांनी फोन काढला.

"सोनल, बाजरी शेवटी घेतलीस न्हवं?"

"मामा, आज हा चौथा फोन."

त्यांनी फोन खिशात घातला, दारापर्यंत जाऊन खांबांकडे नजर टाकली, आणि परत येऊन माझा डबा हातात घेतला.